पाठ टेकायची नाही: एका वस्तादांची कोमट पाण्यातली आठ सत्रं

नोव्हेंबरातल्या एका सकाळी साडेसातला वस्ताद पहिल्यांदा आले. तालमीतून थेट. अंगाला तेल चोळलेलं, आत लंगोट कसलेला, खांद्यावर पंचा. पाठोपाठ स्कूटीवरून त्यांची सून. तिनेच आठवडाभर आधी फोन केला होता. "सर, आमचे मामंजी रात्री दोन-अडीचला उठतात आणि सोप्यात येरझाऱ्या घालतात. मान आखडलीय, पण कुणाला हात लावू देत नाहीत. कोमट पाण्यात करतात ते काहीतरी तुमच्याकडे आहे ना?"

त्यांच्या परवानगीने हे लिहितोय. नाव, पेठ आणि ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. इथेही त्यांना वस्तादच म्हणेन. वय ६३, उंची पाच फूट दहा इंच, वजन ९८ किलो. उमेदीच्या काळात कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या केल्या, पुढे तीसेक वर्षं शहरातल्या एका जुन्या तालमीत पोरं घडवली. रक्तदाबाची एक गोळी चालू. मी मूळचा फिजिओथेरपिस्ट. गेली सहा वर्षं शहराबाहेरच्या एका हॉटेलच्या स्पामध्ये छातीइतक्या खोल, गरम केलेल्या पाण्याच्या छोट्या तलावात काम करतो. आमच्याकडे येणाऱ्यांत शिक्षिका आणि बँकेतल्या बायका जास्त, आणि त्यांचं काम माझी सहकारी बघते. पैलवान आमच्या पाण्यात त्याआधी कुणी उतरला नव्हता.

या पद्धतीला वॉत्सू म्हणतात. वॉटर आणि शियात्सू (बोटांनी-तळव्यांनी दाब द्यायची जपानी पद्धत) हे दोन शब्द जोडून हे नाव झालं. हॅरल्ड डल हे मूळचे कवी. त्यांनी जपानमध्ये शिझुतो मासुनागा यांच्याकडे झेन शियात्सू शिकून घेतलं आणि १९८० च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या हार्बिन हॉट स्प्रिंग्ज इथल्या गरम झऱ्यांच्या कुंडात, माणसाला पाण्यावर तरंगत ठेवून तेच ताण देऊन बघायला सुरुवात केली. घेणारा पाठीवर तरंगतो. देणारा पाण्यात उभा राहून एका हाताने त्याचं डोकं आणि दुसऱ्या हाताने माकडहाडाचा भाग सांभाळतो. मग श्वासाच्या लयीत सावकाश झुलवणं, गुडघे छातीकडे आणून पुन्हा लांब करणं, पाठीचा कणा पाण्यात शेपटीसारखा हलू देणं असं चालतं. घेणाऱ्याने करायचं काहीच नसतं. अडचण तिथेच होती, पण त्या सकाळी ती माझ्या लक्षात आली नाही.

आधी साबणाने अंघोळ करायला सांगितलं. अंगावरचं तेल पाण्यात उतरलं की वर तवंग येतो आणि क्लोरीन भराभर खर्ची पडतं. गरम पाण्यात ते तसंही लवकर उडतं, म्हणून आम्ही दिवसातून चार वेळा तपासतो. वस्तादांनी मुकाट्याने अंघोळ केली, आम्ही दिलेली हाफ पँट घातली आणि काठावर बसून फॉर्म भरला. ताप नाही, उघडी जखम नाही, फिट येत नाही, हृदयाचा त्रास नाही, कानातून पाणी येत नाही. 'मानेला किंवा मणक्याला पूर्वी इजा?' या प्रश्नापुढे त्यांनी ठळक अक्षरांत 'नाही' लिहिलं. रक्तदाब १४८/९०. त्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. सगळं रीतसर होतं.

पायऱ्या उतरताना पहिली तक्रार आली. "हे कोमट हाय रं. आमच्या बंबाचं पानी बघ, चटका बसतो." घरी बंबातल्या कढत पाण्याने अंघोळ करणाऱ्या माणसाला आमचं पाणी बेचवच लागणार. आम्ही ते ३५ अंश सेल्सिअसला ठेवतो. कातडीचं तापमान साधारण ३३-३४ असतं. त्याच्या जवळपासच्या पाण्यात पाऊण तास राहिलं तरी शरीराला घाम काढावा लागत नाही किंवा थंडीने कुडकुडावं लागत नाही. पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट वेगाने उष्णता ओढतं. त्यामुळे ३१-३२ ला शांत पडलेला माणूस वीस मिनिटांत गारठतो आणि ४० ला त्याची छाती धडधडायला लागते. राजापूरजवळच्या उन्हाळे गावातल्या गरम पाण्याच्या कुंडात जाऊन आलेले लोक मला नेहमी विचारतात, तसं पाणी का नाही ठेवत? त्या पाण्यात बुचकळून वर यायचं असतं. इथे पडून राहायचं असतं.

नेहमीच्या सरावाने मी त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन-तीन मिनिटं श्वास बघितला. मग "आता मागे रेला, डोकं माझ्या हातावर सोडा" म्हणत डाव्या कोपराच्या खोबणीत त्यांचं डोकं घेतलं, उजवा हात कमरेखाली घातला आणि पाय वर येऊ दिले.

पाय वर आलेच नाहीत. स्नायूची घनता पाण्याहून जास्त असते, चरबीची कमी. आयुष्यभर बैठका मारलेल्या मांड्या पाण्यात दगडासारख्या खाली जातात. माझ्याजवळ पायांना बांधायचे फ्लोट होते, पण ते मी आधी बांधले नव्हते. पाय खाली गेले तशी कंबर वाकली. ती वाकताना वस्तादांनी हनुवटी छातीला लावली, खांदे कानाशी आणले आणि उजव्या हाताने माझं मनगट धरलं. ती पकड मला अजून आठवते. पुढच्या क्षणी त्यांनी अंग असं काही वळवलं की ते पालथे आणि मी पाण्याखाली. वर आलो तेव्हा ते दोन्ही पायांवर घट्ट उभे होते, गुडघे किंचित वाकवून, हात पुढे. नाकातोंडात पाणी गेल्याने खोकत होते, पण उभं राहण्याची ढब आखाड्यातली होती.

मी माफी मागितली आणि पुन्हा प्रयत्न केला. इथे माझी दुसरी चूक झाली. "अंग सैल सोडा, वस्ताद," असं मी चार-पाच वेळा म्हणालो. दर वेळी अंग आणखी ताठ. पंधरा मिनिटांनी त्यांनी हात वर केला, म्हणजे आमची ठरलेली थांबायची खूण केली. वर त्यांना लघवीलाही लागली होती आणि ते सांगायला त्यांना संकोच वाटत होता. हे सगळ्यांचंच होतं. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं आणि पोटातलं बरंच रक्त छातीकडे सरकतं. शरीराला वाटतं की पाणी जास्त झालंय, मग मूत्रपिंडं कामाला लागतात. हे उतरायच्या आधी सांगायला हवं होतं. तेव्हापासून मी सगळ्यांना ते आधीच सांगतो, मोकळेपणाने.

बाहेर बाकावर बसून आम्ही ताक प्यायलो. तिथे ते बोलले.

"आरं पोरा, आठ वर्साचा हुतो तवापास्नं एकच शिकलो आन् पुढं तेच शिकवलं. पाठ लावून घ्यायची न्हाई. आन् तू म्हणतूस, पडा पाठीवर, वर बघत ऱ्हावा. वर बघायचं म्हंजे काय, म्हाईत हाय न्हवं? अस्मान दिसलं की खेळ खलास."

मी कोल्हापुरातच वाढलोय. 'अस्मान दाखवलं' हे लहानपणापासून ऐकत आलोय, पण तो शब्द कधी कुणाच्या पाठीच्या बाजूने ऐकला नव्हता. कुस्तीत दोन्ही खांदे मातीला लागले की चितपट. पाय जमिनीवरून सुटले की पुढचा डाव समोरच्याचा. मान दुसऱ्याच्या हातात गेली की जीव त्याच्या हातात. वॉत्सूच्या पहिल्या मिनिटातच मी या तिन्ही गोष्टी एकदम मागत होतो, तेही पन्नास वर्षं त्यांना नाही म्हणायला शिकलेल्या शरीराकडे. आपल्याला वाटतं की भीती मनात असते आणि समजावलं की जाते. वस्तादांना माझी भीती नव्हती, पाण्याचीही नव्हती. पंचगंगेला पूर असताना पोहलेला माणूस तो. त्यांच्या शरीराला एक नियम ठाऊक होता आणि त्या नियमाने त्यांना आयुष्यभर सांभाळलं होतं.

दुसरा कप ताक ओतताना मी सहज विचारलं, "मान अशी कधीपासून धरलीय?"

"लई जुनं हाय. एका मैदानात गडी अंगावर पडला, मान खाली दुमडली. उचलून आनलं. आमच्या वस्तादांनी मांडीवर मान घेऊन बसवली. दोन म्हयनं पडून हुतो. उजव्या हातात मुंग्या याच्या."

"पण फॉर्मवर तुम्ही 'इजा नाही' लिहिलंत."

"इजा कसली? खेळात हुतंय ते."

हे ऐकून मी हादरलो. मान दुमडलेला, हातात मुंग्या येणारा, दोन महिने अंथरुणावर पडलेला माणूस मी एका होकार-नकाराच्या प्रश्नावर विसंबून पाण्यात घेतला होता आणि त्याच मानेखाली हात घालून झुलवायला निघालो होतो. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं. 'इजा' हा कागदावरचा शब्द आहे. तालमीत मान आखडते, अडकते, लचकते, शीर चढते, खांदा उतरतो, आणि यातल्या कशालाच तिथे कुणी इजा म्हणत नाही. मी फिजिओथेरपी शिकलो तेव्हा रुग्णाचा इतिहास घ्यायला शिकलो. तो कुठल्या शब्दांत विचारायचा, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

सत्रं तिथेच थांबवली. एक्स-रे आणि एमआरआय काढून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलं. मानेच्या खालच्या मणक्यांची झीज, दोन चकत्या दबलेल्या, पण मज्जारज्जूवर दाब नाही. डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं: मान मागे जास्त नेऊ नये, झटका नको, खेचणं नको, टोकापर्यंत वळवणं नको. आधार देऊन कोमट पाण्यात राहायला हरकत नाही. चिठ्ठी वाचून सून म्हणाली, "म्हणजे करायचं का नाही?" मी म्हणालो की करू, पण मी शिकलेला क्रम बाजूला ठेवून.

दुसरं सत्र तीन आठवड्यांनी झालं. त्यात मी त्यांना पाठीवर घेतलंच नाही. दोघंही छातीभर पाण्यात उभे. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचा निम्मा भार उरतो, छातीपर्यंत साधारण तिसरा हिस्सा, गळ्यापर्यंत जेमतेम दहावा. वस्तादांच्या गुडघ्यांना हे लगेच कळलं. "हे बेस हाय, बैठक मारल्यागत वाटतच न्हाई," म्हणाले. मग आम्ही फक्त श्वास घेतला. श्वास भरला की छाती पाण्यात हलकी होऊन अंग दोन बोटं वर येतं, सोडला की तेवढंच खाली जातं. वॉत्सूचा पहिला प्रकार यावरच उभा आहे. तालमीत जोर मारताना श्वास दाबून धरायची सवय असते, त्यामुळे त्यांचा उच्छ्वास मध्येच अडकायचा. मी काही सांगितलं नाही. गळ्यापर्यंत बसून त्यांनीच पाण्याची रेघ हनुवटीवर कशी वरखाली होते ते बघितलं, आणि दहा-बारा श्वासांनंतर रेघ सावकाश सरकायला लागली. वीस मिनिटांत संपवलं.

कानांचा प्रश्न त्याच दिवशी सुटला. पैलवानांचे कान मोडलेले असतात, पाळी सुजून घट्ट झालेली. आमचे तयार सिलिकॉनचे बोळे त्यांच्या कानात बसत नव्हते, निसटून पाण्यावर तरंगायचे. पहिल्या दिवशी पाणी कानात शिरलं तेव्हा ते दचकले होते त्याचं हेही एक कारण. मऊ मेणाचे बोळे आणून ते कानाच्या आकारात दाबून बसवले आणि वरून पट्टी बांधली.

तिसऱ्या सत्रात मी म्हणालो, "वस्ताद, आज तुम्ही मला धरा."

ते हसले नाहीत. गंभीरपणे "कसं?" विचारलं. मी सांगितलं: एक हात मानेखाली, एक कमरेखाली, आणि काही करायचं नाही. मी मागे रेललो. त्या हाताचं वर्णन करायलाच हवं. तळवा रुंद, चामड्यासारखा, बोटांची पेरं जाड. पण मानेखाली येताना तो आधी पाण्यातच थांबला, माझं डोकं त्याच्यावर येईपर्यंत वाट बघितली, आणि मग अंगठा कानामागच्या हाडाशी येऊन टेकला. मला धरलं गेलं हे कळलं, दाबलं गेलं नाही. पडलेल्या पोराला उचलायची तीस वर्षांची सवय होती ती. मला वॉत्सू शिकवणाऱ्यांनी हेच चार दिवस घोकून घेतलं होतं.

मिनिटभराने वरून आवाज आला. पाण्याखाली कान असल्याने तो लांबून आल्यासारखा वाटला. "आरं, तुझीच मान ताठ हाय की. श्वास बी धरलायस."

खरं होतं. पहिल्या दिवसानंतर मी त्यांच्यासोबत पाण्यात उतरताना धास्तावलेला होतो, आणि ती धास्ती माझ्या हातातून त्यांच्यापर्यंत जात होती. ज्याने धरलंय त्याचा श्वास ज्याला धरलंय त्याला कळतो, हे मी इतरांना सांगतो. त्या दिवशी ते मला सांगितलं गेलं. मी श्वास सोडला. त्यांनी मला तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश नेलं आणि परत आणलं. नंतर म्हणाले, "येवढा मोठा गडी, आन् काय वजनच न्हाई." मानवी डोकं साधारण पाच किलोचं. तरंगणाऱ्या माणसाचं खरं ओझं तेवढंच आणि बुडू पाहणाऱ्या पायांचं. बाकीचं पाणी उचलतं. हे मी त्यांना पहिल्या दिवशी बोलून सांगितलं होतं. आता त्यांच्या हाताला ते ठाऊक झालं.

चौथ्या सत्रात ते म्हणाले, "चल, बघू."

या वेळी गुडघ्यांच्या वर दोन फ्लोट बांधले, घोट्यांना दोन. टाचा पायरीवर टेकलेल्या ठेवल्या, म्हणजे पाय सुटल्याचं शरीराला वाटू नये. उजव्या हाताने काठाचा स्टीलचा दांडा धरायला दिला. वरची ट्यूबलाइट बंद केली. डोळ्यांवर उजेड पडला की ते वर बघत होते, आणि वर बघणं म्हणजे काय हे आता मला कळलं होतं. सुरुवातीला आम्ही हातात हात घेतला. सलामी. तेवढं आमचं आपलं.

पहिली दहा मिनिटं मी काहीच केलं नाही. त्यांचं डोकं माझ्या कोपराच्या खोबणीत, मान सरळ रेषेत, हनुवटी किंचित आत. त्यांच्या उच्छ्वासाला मी गुडघ्यात थोडा वाकत होतो आणि श्वासाला वर येत होतो. बस्स. माझी नजर त्यांच्या उजव्या हातावर होती. दांड्यावरची मूठ पांढरी पडली होती. सहा-सात मिनिटांनी करंगळी सुटली. मग अनामिका. मधलं बोट बराच वेळ दांड्याला आकड्यासारखं अडकून राहिलं. मग तेही सुटलं आणि तर्जनी तेवढी उरली, नुसती टेकलेली. मला वाटलं, आता हात सुटेल. पण तर्जनी तशीच राहिली, सत्र संपेपर्यंत. मी ती सोडवली नाही. त्या एका बोटाच्या आधारावर बाकीचा ९८ किलोचा माणूस पाण्यावर पसरला होता. टाचा पायरीवरून केव्हा उचलल्या गेल्या ते दोघांनाही कळलं नाही.

बाहेर येताना त्यांना पायरीवर पाच मिनिटं बसवलं. पाण्याचा दाब गेला की छातीकडे आलेलं रक्त पुन्हा पायांकडे उतरतं. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला अशा वेळी चक्कर येऊ शकते, म्हणून आम्ही एकेका पायरीवर थांबत वर येतो. रक्तदाब १२६/८०. हा आकडा बघून सून खूश झाली, पण त्या दिवशीच्या एका मोजणीवर कुणी गोळी कमी करायला जाऊ नये, हे मी तिला दोनदा सांगितलं. गोळीचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा.

पुढच्या चार सत्रांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे, आणि ते चांगलंच म्हणायचं. पाचव्यात दांडा लागला नाही. सहाव्यात गुडघे छातीकडे आणून पुन्हा लांब करण्याचा प्रकार घेतला. त्याला अकॉर्डियन म्हणतात, म्हणजे पेटीच्या भात्यासारखं दुमडणं-उलगडणं. पाठीचा खालचा भाग त्यांना मोकळा वाटला. मान मात्र आम्ही कधीच वळवली नाही. डोकं हातात घेऊन बाजूला झुलवण्याचे जे प्रकार आहेत ते सगळे वगळले. सातव्यात ते मधे झोपी गेले. घोरण्याचा आवाज पाण्यातून माझ्या दंडाला जाणवत होता. आठव्यात काहीच विशेष घडलं नाही.

अकरा आठवड्यांनी हिशोब मांडायचा तर असा. सुनेने वहीत रोज रात्रीची नोंद ठेवली होती. सत्राच्या रात्री आणि दुसऱ्या रात्री वस्ताद सलग पाच-सहा तास झोपले. तिसऱ्या रात्रीपासून पुन्हा अडीचला जाग. मधल्या दिवसांत येरझाऱ्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. झोपण्याआधी तास-दोन तास ४०-४२ अंशांच्या गरम पाण्याने अंघोळ केली तर झोप लवकर लागते, असं २०१९ सालच्या एका संशोधन-आढाव्यात दिसलं आहे. पण ते पाणी वेगळं, वेळ वेगळी. सकाळच्या आमच्या ३५ अंशांना ते श्रेय देता येत नाही. वॉत्सूवरच्या अभ्यासांचा आढावा २०२० मध्ये निघाला. त्यात दुखणं आणि ताण कमी होण्याकडे कल दिसतो, पण अभ्यास लहान आहेत. म्हणून मी वस्तादांना एवढंच सांगितलं की ही विश्रांती आहे, उपचार नाही. झिजलेले मणके झिजलेलेच आहेत. मानेचं दुखणं त्यांच्याच शब्दांत "रुपयातलं चार आने" कमी झालं. गाडी मागे घेताना पूर्वी कमरेतून वळायचे, आता थोडं मानेतून वळतात. हे मानेच्या हालचालीमुळे की खांदे खाली आल्यामुळे, ते मी ठामपणे सांगू शकत नाही. माझा अंदाज खांद्यांचा. पहिल्या दिवशी ते खांदे कानाशी होते.

मी त्यांना विचारलं होतं, तुम्हाला स्वतःला काय वाटलं? बराच विचार करून म्हणाले, "तालमीत पोरं रगडत्यात की अंग. पर तितं समदी वस्तादाकडं बघत असत्यात. हितं कोन बघत न्हाई." तालमीत एकमेकांना तेल लावून रगडणं रोजचं आहे, पुरुषाने पुरुषाच्या अंगाला हात लावण्यात तिथे संकोच नसतो. मला आधी वाटत होतं की आपल्याकडे अडचण स्पर्शाचीच येणार. ती आलीच नाही.

आता ते महिन्यातून एकदा येतात. साबणाने अंघोळ करून येतात आणि तलावात उतरताना पाणी कोमट असल्याची तक्रार करतात.

आमचा फॉर्म मी बदलला. 'मानेला किंवा मणक्याला पूर्वी इजा?' हा प्रश्न काढून टाकला आणि तो भाग लेखी न ठेवता समोर बसून विचारायचा ठरवला. मान कधी अडकली होती? लचकली, दुमडली? शीर चढली? हाताला मुंग्या आल्या? कधी पडल्यावर कुणी उचलून आणलं? शेतातून, मोटारसायकलवरून, गच्चीवरून, आखाड्यातून? गुऱ्हाळावर काम करणाऱ्याला मोळ्या आणि काहिलीबद्दल विचारतो, गवंड्याला घमेल्यांबद्दल. याला वीस मिनिटं लागतात आणि स्पाच्या वेळापत्रकात ती बसत नव्हती. व्यवस्थापकांशी बोलून पहिल्या भेटीची वेळ दीड तास करून घेतली.

फेब्रुवारीत वस्तादांनी त्यांचा एक पठ्ठ्या पाठवला. वय २४, मातीवर आणि मॅटवर दोन्हीकडे खेळणारा. पाठ धरलीय म्हणाला. काही इजा? नाही सर. मग मी त्याला विचारलं, आखाड्यातून कुणी उचलून कधी आणलं का? तो थोडा थांबला आणि म्हणाला, दिवाळीच्या आधी एकदा. पाय सुन्न झाले होते, अर्धा तास. कुणाला बोललो नाही.

त्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो नाही. मी त्याला गाडीवर मागे बसवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे घेऊन गेलो.